फिरत्या घराचा फ्रिज : गॅसचा घ्यावा की घरगुती विजेचा?

अमेरिकेत आणि कॅनडात ‘आर.व्ही.’ नावाचे वाहन फार चालते. कोणी बसएवढी मोटार घेतो, कोणी ट्रकच्या मागे ओढण्याची गाडी. आत झोपायच्या जागा, ओटा, शेगडी, न्हाणीघर, पाण्याची टाकी सगळे असते. थोडक्यात सांगायचे तर चाकांवरचे घर. निवृत्त मंडळी अशा घरात महिनोन्‌महिने राहतात. नोकरदार मंडळी सुट्टीत आठ-दहा दिवसांसाठी ते भाड्याने घेतात. आपल्या कोकणातली, मुंबईतली, मराठवाड्यातली कितीतरी मुले आज त्या मुलखात स्थायिक आहेत. तीही या वाहनातून बालबच्चे आणि भारतातून आलेले आईवडील यांना घेऊन प्रवासाला निघतात.

या फिरत्या घरात सगळ्यांत जास्त वाद कशावर होत असेल, तर तो फ्रिजवर. एक फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हींवर चालतो. दुसरा आपल्या घरातल्यासारखा, फक्त विजेवर चालणारा. दोन्हींचे चाहते आहेत आणि दोघेही दुसऱ्याला मूर्ख समजतात.

व्यापाराच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आम्ही कापडाच्या धंद्यातले. गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘चांगले कापड दाखवा’ म्हणाले, की आम्ही ताका उलगडण्याआधी विचारतो, कशासाठी हवे? रोजच्या वापराला की लग्नाला? उन्हाळ्यात की थंडीत? कापड चांगले की वाईट हे पोतावर आणि पन्ह्यावर जेवढे ठरते, तेवढेच ते कोण, कुठे, कशासाठी वापरणार यावर ठरते. यंत्राचेही तसेच आहे. फ्रिज चांगला की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे. पुरा प्रश्न असा, की तुमची गाडी रात्री कुठे उभी राहणार, आणि तिथे तुमच्या हाती कोणते इंधन असणार? याचे उत्तर न देता जो पैसे मोजतो, तो हजारो डॉलर घालवून सडलेले गोश्त आणि नासलेले दूध विकत घेतो.

आधी यंत्र समजून घेऊ

घरगुती फ्रिज कॉम्प्रेसरवर चालतो. विजेची मोटर वायूला दाबते. दाबलेला वायू मागच्या जाळीत आपली उष्णता बाहेर सोडून द्रव होतो. तोच द्रव आतल्या नळीत पुन्हा वायू होतो आणि होता होता कप्प्यातली उष्णता पिऊन घेतो. माठाच्या अंगावरचे पाणी उडून जाताना आतले पाणी गार करते, तोच हा कायदा. फरक एवढाच, की इथे उडालेला वायू वाया जात नाही, पुन्हा दाबून कामाला लावला जातो.

गॅसच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. त्यात आग लावून थंडी करतात. ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब सरळ आहे. बंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेले असतात. खालच्या बाजूला एक छोटी ज्योत पाणी-अमोनियाचे मिश्रण तापवते. अमोनिया वाफ होऊन वर जातो, वरच्या जाळीत गार होऊन द्रव होतो आणि आतल्या नळीत उतरतो. तिथे हायड्रोजन असल्यामुळे अमोनियाला पुन्हा वाफ होणे सोपे जाते. वाफ होताना तो कप्प्यातली उष्णता घेतो, मग खाली येऊन पाण्यात विरघळतो आणि पुन्हा ज्योतीजवळ जातो. सगळा कारभार उष्णतेवर आणि उतारावर चालतो. यात फिरणारा एकही भाग नाही, म्हणून आवाजही नाही.

ही युक्ती स्वीडनमधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघांनी १९२२ साली, स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयात शिकत असताना शोधून काढली. पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२५ पासून हे फ्रिज बाजारात आणले. मोठ्या हॉटेलच्या खोलीत जो मुका छोटा फ्रिज असतो, तो बहुधा याच जातीचा. रात्री घुरघुर करून पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून तो तिथे ठेवतात.

ज्योतीच्या जागी विजेचा तापणारा कांबही लावता येतो. म्हणून या फ्रिजला दुहेरी म्हणतात. वीज मिळाली तर विजेवर, नाही मिळाली तर गॅसवर.

गॅसच्या फ्रिजचा हिशेब

याचा मोठा गुण म्हणजे कमी इंधनात लांबचा पल्ला. आठ घनफूट, म्हणजे सुमारे सव्वादोनशे लिटरच्या फ्रिजची ज्योत ताशी दीड हजार बी.टी.यू.च्या आसपास उष्णता देते. अमेरिकेत प्रोपेनचा जो वीस पौंडी, म्हणजे नऊ किलोचा सिलिंडर सर्रास मिळतो, त्यात सुमारे चार लाख तीस हजार बी.टी.यू. असतात. ज्योत एक क्षणही न विझता जळत राहिली, तरी सिलिंडर बारा दिवस पुरतो. प्रत्यक्षात ती मधून मधून मंदावते, म्हणून याहून जास्तही टिकतो. वाळवंटात, जंगलात, जिथे विजेचा खांब नाही, तिथे एका सिलिंडरवर बारा दिवस गोश्त गोठलेले राहते. ही गोष्ट साधी नाही.

आता दुसरी बाजू. हाच फ्रिज विजेवर लावला तर त्याचा कांब तीनशे ते चारशे वॅट खातो. सव्वातीनशे वॅट धरले आणि दिवसभर चालू राहिला, तर जवळजवळ आठ युनिट होतात. त्याहून दुप्पट मोठा नवा घरगुती फ्रिज दिवसाला एक ते दीड युनिटमध्ये काम भागवतो. म्हणजे थंडी करण्याच्या कामात ज्योत हा सुस्त मजूर आहे, कॉम्प्रेसर हुशार कारागीर. मुक्कामाच्या जागेवर वीज भाड्यातच येत असेल तर हे कोणाला जाणवत नाही. पण गॅसचा फ्रिज बॅटरीवर चालवीन असे कोणी म्हणत असेल, तर त्याने आपली बॅटरी एका रात्रीत मारायची ठरवली आहे, असे समजावे. उलट, गॅसवर चालतानाही त्याच्या कंट्रोलला, गॅसच्या झडपेला आणि ठिणगीला थोडी १२ व्होल्टची वीज लागतेच. बॅटरी पार मेली तर सिलिंडर भरलेला असूनही फ्रिज बंद पडतो. हे पुष्कळांना ऐन जंगलात कळते.

याच्या अटीही पुष्कळ आहेत. पहिली अट, गाडी समतल उभी पाहिजे. बहुतेक मॉडेलांत एका बाजूला ३ अंश आणि दुसऱ्या बाजूला ६ अंश कल चालतो, त्याहून जास्त नाही. आतले द्रव उतारावर वाहते. गाडी कलती उभी राहिली तर ते जागच्या जागी अडकते, तापणारा भाग कोरडा तापतो, आणि नळी गंजू नये म्हणून घातलेले रसायन खड्यासारखे घट्ट होऊन वाट बंद करते. चालत्या गाडीत द्रव हलत राहते, म्हणून तिथे फारसे बिघडत नाही. नुकसान होते ते कलत्या जागी तासन्‌तास उभे राहून.

दुसरी अट हवेची. मागच्या जाळीतली उष्णता खालच्या झडपेतून हवा घेऊन छपरावाटे बाहेर गेली पाहिजे. बाहेर ४० अंशांच्या पुढे ऊन तापले, की हा फ्रिज हाफू लागतो. मागे छोटे पंखे लावले तर सुधारतो.

तिसरी अट वेळेची. रिकामा फ्रिज थंड व्हायला बारा तास, कधी चोवीस तास लागतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तो सुरू करायचा आणि माल आधीच गोठवून मग भरायचा.

चौथी उंचीची. साडेपाच हजार फुटांच्या वर हवा विरळ होते, ज्योत कमजोर पडते, कधी विझते. तिथे वीज असेल तर विजेवर लावावा, असे कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

शिवाय बर्फ हाताने वितळवायचा, आणि बर्नरच्या नळीत कोळी जाळे करतो ते दरवर्षी साफ करायचे, ही कामे निराळीच.

घरगुती फ्रिजचा हिशेब

घरगुती फ्रिजची सगळ्यांत मोठी ओढ भावाची. अठरा-वीस घनफुटांचा, म्हणजे पाचशे लिटरच्या वरचा चांगला फ्रिज अमेरिकेत हजार डॉलरच्या आसपास मिळतो. त्याच्या निम्म्या आकाराचा गॅसचा फ्रिज त्याच्या दुप्पट भावाने जातो, मोठा असेल तर तिप्पट-चौपट. घरगुती फ्रिज उन्हाळ्यात दमत नाही. दोन-चार तासांत गार होतो, बर्फ स्वतः वितळवतो आणि गाडी थोडी कलली तरी कुरकुरत नाही. मोठ्या कुटुंबाला हे सगळे पटते.

पण भावाची चिठ्ठी वाचून थांबू नये. आपल्याकडे पॉवरलूम घेणारा माणूस लूमच्या किमतीबरोबर विजेच्या कनेक्शनचा आणि लोडशेडिंगचा विचार करतो. इथेही तसेच. हा फ्रिज १२० व्होल्टची वीज मागतो. गाडी खांबाला जोडली असेल तोवर प्रश्न नाही. खांब सुटला की बॅटरी आणि इन्व्हर्टर लागतात, आणि खरा खर्च तिथे लपलेला असतो.

हिशेब मांडून पाहू. फ्रिज दिवसाला सव्वा युनिट खातो असे धरा. इन्व्हर्टर स्वतः काही वीज गिळतो. मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी वीस-तीस वॅट जातात आणि चोवीस तासांत त्याचे अर्धा-पाऊण युनिट होते. बेरीज दोन युनिटपर्यंत जाते. बारा व्होल्टच्या बॅटरीत ती मोजली तर सुमारे १६५ अँपिअर-अवर. या गाड्यांत पुष्कळदा सहा व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या जोडून साधारण ४४० अँपिअर-अवरचा साठा केलेला असतो. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून हाती २२० उरतात. म्हणजे फ्रिज एकटा सव्वा दिवस चालला. दिवे, पाण्याचा पंप, मोबाइल, पंखा धरला तर एक दिवसही पुरा पडेल की नाही, शंका आहे.

यावर उपाय आहेत. छपरावर ४०० वॅटचे सोलर पॅनेल लावले तर कडक उन्हाच्या दिवशी दीड-पावणेदोन युनिट मिळतात. ढगाळ दिवशी किंवा झाडाखाली त्याचा काही भागच मिळतो. शिशाऐवजी लिथियमच्या बॅटऱ्या घेतल्या तर साठ्याचा बहुतेक भाग वापरता येतो आणि वजनही कमी होते, पण किंमत वाढते. जनरेटर लावता येतो, पण उद्यानांमध्ये त्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि रात्री तो बंद ठेवावा लागतो. हे सगळे मिळवून पाहिले, म्हणजे हजार डॉलरचा स्वस्त फ्रिज काही हजारांचा सौदा होतो.

गाडीचे दार अरुंद असते, त्यामुळे मोठा फ्रिज आत नेण्यासाठी कधी खिडकी उतरवावी लागते. माप घेताना फक्त कोनाड्याचे घेऊ नये, दाराचेही घ्यावे. चालत्या गाडीत फ्रिजची दारे उघडू नयेत म्हणून कुलपी पट्टी लागते आणि फ्रिज जमिनीला पक्का आवळावा लागतो. जुन्या गॅस-फ्रिजच्या जागी तो बसवत असाल, तर मागच्या व छपराच्या झडपा बंद कराव्या लागतात आणि गॅसची नळी जाणकाराकडून बुच मारून घ्यावी लागते. घरगुती फ्रिजची हमी पुष्कळदा फक्त घरातल्या वापरापुरती असते. गाडीत बसवल्यावर कंपनी हात वर करू शकते. हमीपत्राची बारीक अक्षरे आधी वाचावीत.

रात्रीचा मुक्काम कुठे?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. तीन जागांची मिसाल देतो.

ॲरिझोनातील ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर दोन मुक्काम आहेत. ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी, सांडपाणी यांची जोडणी मिळते. जवळच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळते, जोडणी मिळत नाही. एकाच गावात, एकाच दरीच्या काठावर, पहिल्या ठिकाणी घरगुती फ्रिज सुखाने चालेल आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या रात्री दगा देईल.

यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानात डझनभर मुक्काम आहेत, पण विजेची जोडणी फक्त फिशिंग ब्रिजच्या आर.व्ही. पार्कमध्ये आहे. बाकी ठिकाणी आपले इंधन आपण आणायचे. शिवाय उद्यानाचा मोठा भाग साडेपाच हजार फुटांच्या वर, म्हणजे गॅसच्या ज्योतीचीही तिथे परीक्षा होते. अशा ठिकाणी गॅसवाल्याने थर्मामीटर आत ठेवून रोज पाहिले पाहिजे, आणि बॅटरीवाल्याने सोलरचा हिशेब दुप्पट धरला पाहिजे.

तिसरी जागा ॲरिझोनातीलच क्वार्ट्‌झसाइट. सरकारी जमिनीवरच्या ला पोसा नावाच्या माळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामात थंड प्रदेशातली मंडळी येऊन महिनोन्‌महिने राहतात. जागेला विजेचा खांब नाही. पण ऊन भरपूर, हवा कोरडी, आणि हिवाळा असल्याने गॅसचा फ्रिज दमत नाही. तिथे गॅसवालाही सुखी आणि चांगले सोलर लावणाराही सुखी. दुःखी होतो तो, ज्याने घरगुती फ्रिज घेतला पण बॅटरीच्या पैशात काटकसर केली.

आपल्या कुटुंबांसाठी एक बाब जास्तीची आहे. मोठ्या शहरात हलाल गोश्ताची दुकाने सापडतात. पश्चिमेकडच्या उद्यानांच्या वाटेवर ती शोधत बसणे कठीण. म्हणून घरून आठ दिवसांचे गोश्त गोठवून न्यायचे, असाच बेत करावा लागतो. मग फ्रिज बंद पडणे म्हणजे नुसती गैरसोय उरत नाही, पुढच्या सगळ्या जेवणांचा प्रश्न होतो. खाद्यपदार्थ ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि गोठवलेला माल उणे १८ अंशांवर ठेवावा, असा तिकडचा सरकारी सल्ला आहे. सोबत मधुमेही आईवडील असतील तर इन्सुलिन. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, आणि गोठले तरी ते फुकट जाते. गॅसच्या फ्रिजमध्ये थंडीची पातळी वरखाली होते, म्हणून इन्सुलिन गार पट्टीला चिकटवून ठेवू नये.

आगीची गोष्ट

ज्या घरात ज्योत जळते, तिथे सावधगिरी हवीच. गॅसच्या फ्रिजमध्ये अमोनिया आणि हायड्रोजन मोठ्या दाबाखाली असतात. तापणाऱ्या नळीला बारीक चीर गेली तर हायड्रोजन बाहेर येतो आणि ज्योत शेजारीच असते. ही भीती कागदावरची नाही. डोमेटिक कंपनीला २००६ साली अमेरिकेत असे नऊ लाखांहून जास्त फ्रिज आगीच्या धोक्यामुळे दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने मॉडेलचा आणि सिरियलचा नंबर कंपनीकडे किंवा वाहन-सुरक्षेच्या सरकारी खात्याकडे तपासून घ्यावा. विकणारा कितीही भला असो, हे काम टाळू नये.

खुणा ओळखून ठेवाव्यात. अमोनियाचा झोंबणारा वास आला, किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली, की फ्रिज फुटला असे समजावे. गॅस बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांनी बाहेर पडावे. पुन्हा पेटवून पाहण्याचा मोह धरू नये. पेट्रोल भरताना फ्रिजची ज्योत विझवलेली असलीच पाहिजे. काही बोगद्यांत प्रोपेनला मनाई आहे. बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेलमधून दहा पौंडांहून मोठा सिलिंडर नेता येत नाही. फ्रिज विजेचा केला पण शेगडी गॅसची ठेवली, तरी हा नियम सुटत नाही. गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी दोन्ही यंत्रे चालू आहेत की नाहीत, हे दर प्रवासाआधी बटण दाबून पाहावे.

दुरुस्तीचेही पाहावे. इंडियाना राज्यातला एल्कहार्ट परगणा हा या गाड्यांच्या कारखानदारीचा बालेकिल्ला, कापडात आपले भिवंडी-मालेगाव तसा. त्या भागात आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक बरेच आहेत. त्यांच्यातले बहुतेक सार्वजनिक विजेची तार घरात घेत नाहीत, त्यामुळे गॅसचा फ्रिज त्यांच्या रोजच्या वापरातला. त्यांच्यातल्या कारागिरांनी या फ्रिजच्या मागचा संपूर्ण नळ्यांचा संच नव्याने बनवण्याचा धंदा उभा केला आहे. पेटी चांगली असेल तर नुसता संच बदलून फ्रिज पुन्हा उभा राहतो. आपल्या कारागिरांनी यातून बोध घ्यावा. जी वस्तू आपण स्वतः वापरतो, तिची नस आपल्याला बाहेरच्यापेक्षा जास्त कळते, आणि धंदा तिथेच सापडतो.

तिसरा मार्ग

गेल्या काही वर्षांत तिसरा फ्रिज पुढे आला आहे. तो कॉम्प्रेसरचाच, पण थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. बोटींसाठी आणि ट्रकसाठी डॅनफॉसचे छोटे कॉम्प्रेसर पूर्वीपासून प्रसिद्ध होते, तीच जात. त्याला इन्व्हर्टर लागत नाही, म्हणजे मधली गळती वाचते. दहा घनफुटांचा फ्रिज साधारण पाऊण ते एक युनिटमध्ये दिवस काढतो. कललेल्या जागेची, उंचीची, ज्योतीची चिंता नाही. अमेरिकेत नव्या गाड्यांत आता पुष्कळ ठिकाणी हाच बसवून येतो. पण बॅटरीचा नियम यालाही लागू. एकच लहान बॅटरी आणि सोलर नाही, अशी गाडी कोणी दाखवली, तर फ्रिज नवा असला तरी बिनविजेच्या मुक्कामात दुसऱ्या सकाळी तो कोमट सापडेल.

आपल्या मुलखात काय?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यामुळे बस-बॉडी बांधणारे, सुतार, गाद्या शिवणारे आणि फ्रिज-ए.सी.चे मेकॅनिक यांच्याकडे अशी कामे येऊ शकतात. त्यांनी अमेरिकेचे डोळे झाकून अनुकरण करू नये. तिकडचा फ्रिज १२० व्होल्ट, ६० सायकलचा, आपली वीज २३० व्होल्ट, ५० सायकलची. तिकडे प्रोपेन, इकडचा एल.पी.जी. प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण, म्हणून बर्नरची जेट आणि रेग्युलेटर तपासल्याशिवाय तिकडचा फ्रिज इथे जोडू नये. घरगुती अनुदानाचा लाल सिलिंडर धंद्याच्या गाडीत बसवणे तर कायद्यानेच चालत नाही. आणि मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तिथे ज्योतीचा फ्रिज किती तग धरणार?

म्हणून आमच्या मते इथल्या हवेला आणि रस्त्याला कॉम्प्रेसरचा फ्रिज, तोही १२ व्होल्टचा, जास्त मानवेल. गिऱ्हाईक फक्त रिसॉर्टच्या आवारात वीज जोडून राहणार असेल, तर साधा घरगुती फ्रिजही भागवील. मेकॅनिक बंधूंनी एक लक्षात ठेवावे. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा वायू असतो. मात्रा थोडी, पण तो ज्वालाग्राही आहे. जुन्या फ्रिजच्या सवयीने नळीला थेट टॉर्च लावू नये. आधी वायू उघड्या जागेत काढून घ्यावा.

पैसे मोजण्यापूर्वी

ज्यांची मुले तिकडे गाडी घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी पुढचे प्रश्न मुलांना लिहून पाठवावेत.

१. वर्षातून किती रात्री विजेच्या खांबाशिवाय काढणार? दहापैकी नऊ रात्री खांबाला जोडून असतील तर घरगुती फ्रिज घ्यावा, आणि वाटेतल्या एका दिवसापुरती बॅटरी.

२. सलग किती दिवस खांबाशिवाय राहणार? एक दिवस हा एक हिशेब, सहा दिवस हा निराळा. सहा दिवसांसाठी एकतर गॅस, नाहीतर १२ व्होल्टचा फ्रिज, सोलर आणि भरपूर बॅटरी.

३. ऋतू कोणता आणि उंची किती? भर उन्हाळ्यात वाळवंट आणि डोंगरमाथा, दोन्ही ठिकाणी ज्योत कमी पडते.

४. गाडीत आधीच गॅसचा फ्रिज चालू स्थितीत आहे का? असेल तर लोक सांगतात म्हणून उपटून टाकू नये. नंबर तपासावा, बर्नर साफ करावा, मागे पंखे लावावेत, गाडी समतल उभी करण्याची सवय लावावी. चालता माल मोडीत काढणे हा व्यापार नाही.

५. फ्रिजची किंमत, बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर, बसवण्याची मजुरी, हमी, या सगळ्यांची बेरीज एका कागदावर केली का? दोन्ही फ्रिजचे असे दोन कागद समोरासमोर ठेवावेत आणि मगच सौदा करावा.

६. गाडी भाड्याने घेत असाल तर ताबा घेण्याच्या वेळी फ्रिज आधीपासून चालू आणि गार आहे का, ते आत हात घालून पाहावे. गॅसचा असेल तर तो गॅसवरही पेटवून दाखवायला सांगावे, फक्त विजेवर नाही.

फ्रिज कोणताही घ्या, एक साधा थर्मामीटर आत ठेवा. त्याची किंमत फार थोडी असते, आणि माल नासण्याआधी खबर तोच देतो.